अनवाणीचा पूल

बोरसरच्या जुन्या स्टेशनापासून निघालेली वाट अडीच किलोमीटरवर खडकी नदीच्या पुलाशी पोचते, आणि तिथे सगळे पायातले काढतात. शेताकडे निघालेली बाई डोक्यावरचा भारा न उतरवता एका पायाने दुसऱ्या पायातली चप्पल सोडवते. दूध घालायला जाणारा गडी सायकलवरून उतरतो आणि चपला हँडलला अडकवतो. शाळेच्या पोरी बूट छातीशी धरून चालतात. पूल खांबांवर उभ्या पाच गाळ्यांचा, काळ्या दगडाचा, एकशे बारा पावलांचा आहे. त्यावर देऊळ नाही, शेंदूर फासलेला धोंडा नाही, झेंडाही नाही. पलीकडच्या टोकाला गेले की लोक पायातले घालतात आणि वाटेला लागतात.

ही वाट म्हणजे एकेकाळची आगगाडीची धाकटी लाइन. मांडवे ते करंजवाडी, एकवीस मैल. रूळ उखडून नेले त्याला तीस वर्षे होऊन गेली. मागे मातीचा भराव राहिला, त्यावर बाभळी माजल्या. मग चार गावांच्या पंचायतींनी बाभळी तोडल्या, मुरूम टाकला, आणि आता रविवारी शहरातली माणसे सायकली घेऊन येतात. चढ नाही, उतार नाही, दोन्ही बाजूंना कपाशी आणि ज्वारी. डोक्यावर टोपी घातलेली ही मंडळी खुशीत पुलापर्यंत येतात आणि तिथे गावकऱ्यांना अनवाणी पाहून थबकतात.

"इथे कुठलं देवस्थान आहे का?" असे कोणीतरी विचारतेच.

स्टेशनात चहाचे दुकान चालवणारे यादवनाना खरात बहुधा त्यांच्याबरोबर पुलापर्यंत आलेले असतात. वय अठ्ठ्याहत्तर, चाल अजून ताठ. पाहुण्यांचा प्रश्न ते ओठांकडे बघून समजून घेतात आणि म्हणतात, "देवस्थान न्हाई. हितं साहेबानं बूट काढलं हुतं. बसा कठड्यावर, सांगतो."

नानांचे वडील या लाइनीवर रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये होते. वडिलांनी जे पाहिले ते नाना सरळ सांगतात. गावाने मागून जोडलेले सांगताना 'म्हणे' म्हणतात. ऐकणाऱ्याला दोन्ही वेगळे करता यावे एवढी काळजी ते घेतात.

*

असे सांगतात की, चौदाव्या मैलापासून एकोणिसाव्या मैलापर्यंतचा तुकडा लिंबाजी चावीवाल्याकडे होता. रूळ जिथे लोखंडी पाटावर बसतो तिथे त्याला घट्ट धरायला एक पाचर ठोकलेली असे. तिला चावी म्हणत. गाडीच्या हादऱ्याने चाव्या ढिल्या होतात. म्हणून चावीवाल्याने रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून निघायचे, जाताना डावा रूळ आणि येताना उजवा, आणि प्रत्येक चावीवर एक घाव घालून पुढे जायचे. घट्ट चावी 'टण' म्हणते, ढिली 'खळ' म्हणते. पण लिंबाजीला या दोहोंच्या मधले पुष्कळ ऐकू येई. आज घट्ट असलेली कुठली चावी परवा सुटणार हे तो आवाजावरून सांगे, आणि ती परवा सुटे.

"तुझ्या मनातलं बी ऐकू येत असंल गं ह्याला," असे शेजारणी त्याच्या बायकोला, कौसाबाईला म्हणत.

"रुळाचं ऐकतोय," कौसाबाई म्हणे. "माझं कुठं ऐकतोय?"

एका आषाढात लिंबाजीला हिवताप आला. रेल्वे कंपनीच्या दवाखान्यातून कोयनेल आले, कडू जहर. बावीस दिवसांनी ताप उतरला. तेविसाव्या दिवशी लिंबाजी क्वार्टरच्या दारात बसून पलीकडच्या शेताकडे बघत होता, आणि कौसाबाईच्या हातून पितळी परात खाली पडली. दारात झोपलेले कुत्रे उठून पळाले. लिंबाजी हलला नाही. कौसाबाईने परात उचलली. मग ती मुद्दाम पुन्हा आपटली. लिंबाजी शेताकडेच बघत राहिला.

ती त्याच्या समोर जाऊन बसली तेव्हा त्याला कळले की तिला कळले. तो म्हणाला, "कुणाला सांगू नगंस." ते त्याने इतक्या मोठ्याने सांगितले की तिने घाबरून त्याच्या तोंडावर हात ठेवला.

कंपनीचा नियम साधा होता. कान गेला की लाइन गेली, आणि लाइन गेली की लाइनीच्या कडेचे क्वार्टरही गेले. पण कौसाबाईला भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. चावीवाला खाली मान घालून रुळांच्या मधून चालतो. गाडी मागून येते.

तिसऱ्या दिवशी लिंबाजी कामावर परतला, तेव्हापासून ती त्याच्या मागे चालू लागली. डोक्यावर शेणाची पाटी, पाटीत विळा, ओच्यात मूठभर खडे. वीस पावलांचे अंतर. गाडीचा नाहीतर ट्रॉलीचा आवाज आला की ती त्याच्या पाठीत एक खडा मारी आणि तो बाजूला होई. मुकादम येत असला तर दोन खडे. कपाशी वेचणाऱ्या बायांनी हे लवकरच हेरले.

"कौसाबाई, दाल्ल्याला खडं मारून हाकती व्हय गं?"

"मारका हाय बाई. जवळ जाववत न्हाई."

बाया हसत. कौसाबाईही हसे, आणि हसताना कान मागे ठेवी.

राहिले चाव्यांचे. घाव त्याने घालायचा आणि ऐकायचे कौसाबाईने, असे त्यांनी करून पाहिले. तिला टण आणि खळ एवढेच कळे. मधले काही कळेना. लिंबाजी तिच्या तोंडाकडे बघे, ती मान हलवी, आणि दोघांनाही ठाऊक असे की हे अर्धे काम आहे.

मग श्रावणात एकदा बूट भिजले म्हणून लिंबाजीने ते काढून गळ्यात अडकवले, उघडा पाय रुळावर टेकून चावीवर घाव घातला, आणि तो थांबला. पुन्हा एक घाव घातला. पाय उचलून बघितला, जणू खाली कोणी आहे. पुढच्या चावीवर गेला, तिथे पाय टेकला, घाव घातला. त्या दिवशी पाच मैलांना त्याला संध्याकाळ झाली. परत आला तेव्हा त्याचा चेहरा ताप उतरलेल्या माणसासारखा झाला होता.

"घट्ट असली तर टाचंत येतंय," तो कौसाबाईला म्हणाला. "ढिली असली तर बोटांतच इरतंय. आन् मधलं बी कळतंय गं. समदं कळतंय."

कौसाबाईने दुसऱ्या दिवशी आपलाही पाय टेकून पाहिला. तिला नुसत्या गुदगुल्या झाल्या.

*

आता लिंबाजी रोज बूट गळ्यात घालून चालू लागला. गँगचा मुकादम शेख उस्मान समोरून यायचा, त्याच्यापुढे दोन हात अंतरावर उभा राहायचा आणि म्हणायचा, "काय रे लिंब्या, बुटांचे पाय दुखतात म्हणून त्यांना कडेवर घेतलंस का?" लिंबाजी ओठांवरून समजून हसायचा. कौसाबाईचा जीव भांड्यात पडायचा.

परेरा साहेब मात्र हसणारे नव्हते. ते लाइनीचे इन्स्पेक्टर. माणसे रुळावरून ढकलत नेत त्या ढकलट्रॉलीवर छत्री लावून बसत आणि एकवीस मैलांतला एकही खिळा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. बुटांबद्दल ते फार कडक होते आणि त्याला कारण होते. वरच्या तुकड्यावरचा एक चावीवाला अनवाणी चालताना गंजका खिळा लागून धनुर्वाताने गेला होता. साहेब त्याच्या खाटेशी दोन दिवस बसले होते, असे उस्मान मुकादम सांगे. त्यांनी लिंबाजीला एकदा अनवाणी पाहिले आणि बजावले. दुसऱ्यांदा पाहिले तेव्हा म्हणाले, "तिसऱ्यांदा दिसलास तर लाइनीवर ठेवणार नाही." लिंबाजीने मान हलवली. साहेब काय म्हणाले ते कौसाबाईने त्याला घरी सांगितले.

भाद्रपद संपला, हस्त लागला. तीन दिवस वर डोंगरात पाऊस झाला आणि खडकीला मोठा पूर आला. पूर ओसरला तो सोमवारी. मंगळवारी करंजवाडीचा बाजार, म्हणजे अकरा गावांची माणसे गाडीला लोंबकळणार. आणि त्याच मंगळवारी गाडीच्या पुढे परेरा साहेबांची ट्रॉली येणार असा निरोप आला.

कौसाबाईने पहाटे बूट करडीच्या तेलाने पुसले. लिंबाजीला खाटेवर बसवले आणि स्वतःच्या हाताने त्याच्या पायांत ते घातले. नाडीला तिने गाठीवर गाठ मारली, वासरू सोडून जाऊ नये म्हणून मारतात तशी.

"पाय मुकं हुतील," लिंबाजी म्हणाला.

ती समोर येऊन सावकाश बोलली, "एक दिस हुंद्या. म्या हाय की मागं. आन् लाइन गेल्यावर ऱ्हायचं कुठं?"

तो उठला. आपल्याच पायांकडे बघत, दुसऱ्याचे पाय घेऊन चालल्यासारखा चालू लागला.

पुलावर तिने फार मन लावून ऐकले. तो घाव घाली, मागे बघे, ती मान डोलवी. टण. टण. टण. पाचही गाळ्यांवर एकही खळ नाही. खाली गढूळ पाणी अजून खांबांना घासत जात होते, पण पूल जागच्या जागी होता. पलीकडे पोचल्यावर तिने हात वर करून खूण केली, सगळे ठीक. तो पुढे निघाला. चाळीस पावले गेला असेल. मग थांबला आणि वळला.

"कौसे, म्या पुलावरनं आलोच न्हाई."

"आत्ता तर आलाव की!"

"बूट आलं," लिंबाजी म्हणाला. "म्या न्हाई आलो."

तेवढ्यात नदीच्या अलीकडच्या तीरावर, बोरसरच्या बाजूला, साहेबांची ट्रॉली येऊन थांबली. मागून गाडी येणार म्हणून उस्मान मुकादम आणि गँगची माणसे ट्रॉली उचलून रुळाबाहेर ठेवू लागली. कौसाबाईला काळी छत्री स्पष्ट दिसली. त्याच वेळी लांबून बोरसर स्टेशनात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर ठोके पडले, तेही तिला ऐकू आले. बाजारची गाडी स्टेशनात शिरत होती. तिथे माणसे चढणार, मग निघणार. अर्धा तास, फार तर.

लिंबाजी रुळावर बसून बुटांच्या गाठींशी झटत होता. गाठी तेलाने आणि दवाने फुगून दगड झाल्या होत्या. त्याची नखे त्यात शिरेनात. कौसाबाई उभ्या उभ्या एकदा त्या गाठींकडे बघत होती आणि एकदा छत्रीकडे. गाठी सुटल्या नाहीत तर तो बूट घालूनच परत जाईल, साहेबांसमोर नमस्कार करील, आणि क्वार्टर राहील. हे तिच्या मनात आले. नाना म्हणतात, ते तिने पुढे म्हातारपणी स्वतःच कबूल केले होते, म्हणून ते लपवायचे नाही.

मग तिने पाटीतला विळा काढला, खाली बसली आणि दोन्ही नाड्या कापल्या.

*

लिंबाजी अनवाणी पुलावर परतला. साहेब पलीकडून बघत होते. पहिल्या दोन गाळ्यांवर तो नेहमीसारखा चालला. मधल्या, म्हणजे तिसऱ्या गाळ्यावर त्याने पाय टेकला, घाव घातला आणि तो थिजला. दुसरा पाय टेकला. पुन्हा घाव. तो गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही तळवे रुळावर ठेवले.

"लिंबाजी!" साहेबांनी हाक मारली. "बूट कुठे आहेत?"

लिंबाजी उठला, कमरेचे लाल निशाण काढले आणि पळत सुटला. साहेबांच्या दिशेने आला, साहेबांना ओलांडून पुढे गेला, सलाम नाही, शब्द नाही. बोरसरच्या बाजूला दोनशे पावलांवर त्याने रुळांच्या मधोमध निशाण रोवले. साहेब मागून तीनदा ओरडले. तिन्ही वेळा फक्त बाभळीवरचे बगळे उडाले.

साहेब उस्मान मुकादमाकडे वळले. "याला ऐकू येत नाही?"

मुकादमाने मान डोलावली. तेवढ्यात धापा टाकत पूल ओलांडून आलेल्या कौसाबाईच्या लक्षात आले की गेले दोन महिने उस्मान मुकादम लिंबाजीशी बोलायला नेहमी समोरूनच येत होता. कधी मागून त्याने हाक मारली नव्हती. त्याला ठाऊक होते.

साहेब स्वतःचा हातोडा घेऊन तिसऱ्या गाळ्यावर गेले. चार चाव्या ठोकल्या. टण, टण, टण, टण. वाकून खाली पाहिले. खांबाचा पाया गढूळ पाण्यात होता, काही दिसत नव्हते. परत आले ते तांबडे होऊन. "चाव्या पक्क्या आहेत. पूल उभा आहे. बहिऱ्या माणसाच्या निशाणावर मी अकरा गावांची गाडी अडवू? काढ ते निशाण, उस्मान."

मुकादम जागचा हलला नाही. स्टेशनाकडून इंजिनाची शिटी ऐकू आली.

कौसाबाई आजवर साहेबांशी एक शब्द बोललेली नव्हती. साहेब आले की ती पदर ओढून भिंतीआड होत असे. ती पुढे आली.

"साहेब, बूट काढा."

"काय?"

"बूट काढा आन् तिथं उभं ऱ्हावा. मघाशी म्या बी कानानंच ऐकलं. समद्या चाव्या टण म्हणाल्या, म्या हात वर केला. त्यास्नी बूट म्याच घातलं हुतं, गाठी म्याच मारल्या. चूक माझी हाय. तुमी पायानं बघा. खोटं निघालं तर आमी दोघं आजच्या आज क्वार्टर सोडून जातो."

साहेबांनी तिच्याकडे पाहिले. शेणाची पाटी पडली होती, विळा अजून हातात होता. मग त्यांनी लिंबाजीकडे पाहिले. तो निशाणाची काठी दोन्ही हातांनी धरून उभा होता, आणि कोण काय बोलते आहे हे त्याला काहीच कळत नव्हते.

परेरा साहेब तिसऱ्या गाळ्यापर्यंत गेले, कठड्याला टेकले आणि त्यांनी बूट काढले. मोजे काढून बुटांत खोचले. गँगच्या माणसांनी साहेबांचे पाय पहिल्यांदाच पाहिले. नानांचे वडील तिथेच होते, ते सांगत, "आम्हाला वाटलं हुतं गोरे असतील. आमच्यासारखेच सावळे निघाले."

मुकादमाने जाऊन निशाण धरले, साहेबांकडे बोट दाखवले आणि लिंबाजी तिकडे गेला. त्याने त्यांना आधी दुसऱ्या गाळ्यावर उभे केले, त्यांच्या घोट्याला धरून पाय रुळावर नीट टेकवला आणि घाव घातला. साहेबांनी मान हलवली. टाचेत काहीतरी आले होते. मग त्याने त्यांना तिसऱ्या गाळ्यावर आणले. घाव घातला. साहेब वाट बघत उभे राहिले. पुन्हा घाव. हाक मारावी आणि घर रिकामे असावे, तसे झाले. घाव खाली गेला आणि परत आलाच नाही. पुराने आतून पाया पोखरला होता. खांब नुसता सवयीने उभा होता.

साहेब तसेच अनवाणी पळत आले, मुकादमाच्या हातातले निशाण स्वतः घेतले आणि गाडीला सामोरे गेले.

*

गाडी थांबली. बाजाराची माणसे उतरली, आरडाओरडा झाला. कोंबड्यांची पाटी घेतलेल्या एका म्हातारीने साहेबांना चांगलेच फैलावर घेतले. पण साहेब ऊन तापलेल्या खडीवर अनवाणी उभे आहेत हे बघून माणसे एकेक करून गप्प झाली. साहेबानेच पायातले काढले आहे म्हणजे इथे काहीतरी आहे, असे वाटून पुढच्यांनी चपला काढल्या. त्यांचे बघून मागच्यांनी काढल्या. खालच्या अंगाला पायी जायचा उतार होता, पाणी गुडघाभर. अकरा गावची माणसे पायातले हातात घेऊन नदी ओलांडून बाजाराला गेली.

खांब कधी पडला याबद्दल दोन मते आहेत. गाव म्हणते की कोंबडीवाली म्हातारी पलीकडच्या दरडीवर चढली आणि तिच्या पाठीमागे तिसरा गाळा कोसळला. नानांचे वडील म्हणत की तो गुरुवारी दुपारी, कोणी नसताना पडला. नाना दोन्ही सांगतात. दोन्हींत एवढे सारखे आहे की साहेबांचे बूट कठड्याशीच राहिले होते आणि ते खांबाबरोबर गेले. त्यातला एक बूट खाली मासे धरणाऱ्यांना सापडला, म्हणे.

दहाव्या दिवशी साहेब क्वार्टरपाशी आले. कौसाबाईने दोन गाठोडी बांधून दाराशी ठेवली होती. लिंबाजी पाठमोरा, पुलाच्या कामाकडे बघत बसला होता. साहेबांनी त्याला हाक मारली नाही. कौसाबाईपुढे हात केला. तिला आधी कळेना. मग तिने ओच्यातला एक खडा त्यांच्या हातावर ठेवला. साहेबांनी तो लिंबाजीच्या पाठीत मारला.

"काय गं?" म्हणत लिंबाजी वळला, आणि साहेबांना बघून धडपडत उभा राहिला.

साहेब त्याच्या समोर उभे राहून सावकाश बोलले. पाच मैलांचा तुकडा दुसऱ्याकडे जाईल, त्याला इलाज नाही. लिंबाजीने पुलाची राखण करायची, बूट न घालता. क्वार्टर आहे तेच. "आणि पुलावर खडा मारायला एक माणूस लागेल," ते कौसाबाईकडे न बघता म्हणाले. "त्याचंही नाव हजेरीत घालतो."

कौसाबाई रडायला लागली. लिंबाजीने मात्र विचारले, "आन् बाकीचं मैल?"

साहेबांनी फक्त पुलाकडे बोट दाखवले. पाच मैलांची आता एकशे बारा पावले झाली होती.

पुढे नवा खांब उभा राहिला, गाड्या सुरू झाल्या, आणि लिंबाजी वीस वर्षे त्या एकशे बारा पावलांवर चालला. सकाळी तो पुलाच्या टोकाशी रुळावर उभा राहून डोळे मिटायचा. दोन मैलांवर नवा चावीवाला घाव घालत यायचा, ते त्याच्या पायात पोचायचे, म्हणे. "पंधराव्या मैलाची चावी त्यानं सोडली बघ," असे तो कौसाबाईला सांगायचा. ती त्या चावीवाल्याला सांगायची. तो परत जाऊन बघायचा, आणि चावी ढिली असायची.

लिंबाजी वारला त्या साली पुलावर गाडी आली की डब्यातली माणसे आपोआप चपलांतून पाय काढून फळीवर टेकवू लागली. कोणी सांगितले नव्हते. कौसाबाई पुढे सात वर्षे पुलाशी राहिली. शेवटी शेवटी तिच्याही पायाला कळू लागले होते, असे सांगतात, पण ती विचारणाऱ्याला म्हणे, "गुदगुल्या हुत्यात नुसत्या."

*

रूळ उखडायला आलेले मजूर परमुलखातले होते. त्यांना यातले काही ठाऊक नव्हते. तरी या पुलावर काम करताना त्यांनी पायातले काढून ठेवले, हे नानांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. गावाने मागितला म्हणून त्यांनी तिसऱ्या गाळ्यावर चार हात रूळ ठेवला. तो अजून आहे, लोकांच्या पायांनी गुळगुळीत झालेला.

सांगून झाले की नाना पाहुण्यांना त्या रुळावर उभे करतात आणि दगडाने एक घाव घालतात. कोणी म्हणते टाचेत आले, कोणी म्हणते काहीच नाही. नाना कोणालाच खरे-खोटे म्हणत नाहीत. सायकलवाले आपले जाड तळव्यांचे बूट हातात घेऊन पलीकडे जातात, तापल्या दगडावर भराभर पाय उचलतात, आणि एकमेकांच्या पांढऱ्या पायांना हसतात.

आजही या वाटेवर मागून येणारा सायकलची घंटी वाजवत नाही, पुढच्याला हाक मारत नाही; वळसा घालून समोर येतो आणि मग बोलतो. पाहुणे गेल्यावर नाना कठड्याला टेकून खालच्या पाण्याकडे बघत राहतात. दोन वर्षांपासून त्यांना ऐकू कमी येते. दुकानाकडे परत यायला उशीर झाला की त्यांच्या पत्नी शेवंताबाई स्टेशनातून चालत निघतात. पुलाशी आल्या की चपला काढतात, वाकून एक खडा उचलतात आणि नेम धरून, फार लागणार नाही असा, नानांच्या पाठीत मारतात.

"काय गं?" म्हणत नाना वळतात.